शांतवन पेंटरचा पेपर

शांतवन पेंटरला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो एका जखमी माणसाला टेम्पोतून आमच्या हॉस्पिटलात घेऊन आला होता. मिरजगावच्या अलीकडे, हायवेच्या कडेला, एका डॉक्टरांचं बारा खाटांचं हॉस्पिटल होतं. तिथे नर्स म्हणून लागून मला आठवडाच झाला होता. जखमी माणूस पंचविशीतला होता. त्याला एका रुंद फळीवर झोपवलं होतं आणि मानेच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पुरचुंड्या घट्ट लावल्या होत्या. उजवा पाय दोन कांबींमध्ये बांधलेला. फळीच्या शेजारी एक काळा, हडकुळा, पन्नाशीकडे झुकलेला माणूस गुडघ्यांवर बसला होता. त्याच्या शर्टावर रंगाचे इतके थर सुकले होते की तो हलला की कापड कागदासारखं वाजायचं.

"नर्स कोन हाय?" त्यानं विचारलं. "मान हलवू नका. मांडीचं हाड मोडलंय. पोट टाइट लागतंय, आत रक्त असंल. पायाला पट्टा आवळला तवा चार वाजून धा मिन्टं झालती."

नर्सिंगच्या इतक्या वर्षांत एखाद्या डॉक्टरनंही मला पेशंट इतका नीट सोपवला नव्हता. आम्ही फळी उतरवत होतो, तेवढ्यात तो पडलेला माणूस म्हणाला, "भाऊ, मी वाचंन का?"

असल्या प्रश्नाला आम्हा नर्सांचं एक ठरलेलं उत्तर असतं. ते मी देणार, तोच शांतवन म्हणाला, "माहीत न्हाई. पाय बहुतेक जाईल. शुद्ध हाय तवर आईचा नंबर सांग."

तो माणूस रडायला लागला. रडता रडता त्यानं नंबर सांगितला. शांतवननं तो स्वतःच्या तळहातावर लिहून घेतला, आम्हाला वाचून दाखवला आणि रिकामा टेम्पो घेऊन निघून गेला. माणूस वाचला, पाय गेला. त्याचं पुढं काय झालं हे विचारायला शांतवन कधी आला नाही. ज्यांना आणून टाकलं त्यांच्यापैकी कुणाचीच चौकशी तो करत नसे. मी एकदा त्यावरून टोकलं, तर म्हणाला, "माझं काम रस्त्यावरून तुमच्या दारापर्यंत. आतलं तुमचं."

त्याचं गॅरेज हॉस्पिटलपासून चालत पाच मिनिटांवर होतं. पत्र्याची मोठी शेड, पुढे मोकळी जागा, मागे एक पडकी कोरडी विहीर आणि विहिरीपलीकडे कौसाबाईंची लिंबाची बाग. गॅरेजात डेंटिंग आणि पेंटिंग दोन्ही चालायचं, पण शांतवनचं नाव होतं ते रंगासाठी. जुन्या गाडीच्या एका दाराला रंग द्यायचा, तर उरलेल्या गाडीचा विटलेला रंग त्याला नुसत्या डोळ्यांनी जुळवता यायचा. "पांढरा म्हंजे काय?" तो गिऱ्हाइकाला विचारायचा. "दुधाचा, चुन्याचा, का हाडाचा? तुमची गाडी हाडाची हाय." काळा रंग मात्र तो कुणाला देत नसे. काळी गाडी संध्याकाळी दिसत नाही, एवढंच कारण. एका बागायतदारानं हट्ट धरला, तेव्हा शांतवन त्याला म्हणाला, "मग नंबर प्लेटखाली बायकोचं नाव आन् गाव लिहून देतो. उचलणाऱ्याला बरं पडंल." बागायतदार चिडून दुसरीकडे गेला. शांतवनला त्याचं काही वाटलं नाही.

गाडी तयार झाली तरी ती लगेच मिळत नसे. आधी पेपर द्यावा लागे. गावात त्याला 'शांतवनचा पेपर' असंच म्हणत. गाडीमालकाला उभं करून तो विचारी: जॅक कुठाय, काढून दाखवा. सीटचा पट्टा अडकला तर कशानं कापाल. अपघात झालेल्या माणसाला पाणी पाजायचं का. हेल्मेट ओढून काढायचं का. रक्त उडत असेल तर कुठं दाबाल, किती वेळ दाबाल. उत्तर चुकलं की किल्ली परत खिशात. मी एकदा माझ्या स्कूटरचा पत्रा रंगवून घ्यायला गेले होते, तेव्हा एका जाडजूड आडत व्यापाऱ्याला त्यानं मातीत आडवं पाडलं होतं आणि त्याच्या भावाकडून त्याला चार जणांत उचलायचा सराव करून घेत होता. व्यापाऱ्याचा पांढरा शर्ट मातीनं भरला होता. "मान," शांतवन ओरडत होता. "मान कोन धरनार? झालं, मेला तुमचा भाऊ. परत खाली ठिवा."

लोक हे सहन करत, कारण त्याच्यासारखा रंग जिल्ह्यात दुसरा कुणी देत नव्हता, आणि त्या पट्ट्यातल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी त्याच्या फळीवर झोपून आमच्या दारात आलेलं होतं.

तो असा का झाला, याच्या गोष्टी गावात खूप होत्या. कुणी म्हणे बायको गेली अपघातात, कुणी म्हणे मुलगी. त्याची बायको धडधाकट होती, शेवगावला माहेरी जाऊन यायची. मुलगी लग्न होऊन पुण्यात होती. मी त्याला सरळच विचारलं होतं. तो काचेच्या कडेला कागद चिकटवत होता. हात न थांबवता म्हणाला, "तुमाला माणूस दिसतो, शिस्टर. मला गाडी दिसती. रंग द्यायच्या आधी ती आतून मलाच धुवावी लागती. काचेत केस अडकल्याले असत्यात. एकदा सीटच्या फटीत दुधाचा दात सापडला. तो घेऊन जायला कोन येनार हुतं?" त्यानंतर मी पुन्हा विचारलं नाही.

उसाचा हंगाम सुरू झाला की तो संध्याकाळी गॅरेज सोडून हायवेच्या कडेला उभा राही. कारखान्याकडे चाललेले ट्रॅक्टर थांबवी आणि न विचारता ट्रॉलीच्या मागच्या फळ्यांवर लाल-पिवळे जाड पट्टे ओढी. मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसावी म्हणून. एका ड्रायव्हरनं खाली उतरून त्याच्या कानाखाली वाजवली. शांतवननं खाली पडलेला चष्मा उचलला, उरलेला पट्टा पुरा केला आणि मग म्हणाला, "आता जा." रविवारी तो चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर, दाराला लागून बसे. टेम्पो बाहेर, तोंड रस्त्याकडे करून लावलेला. प्रार्थना चालू असताना लांबून कुठे ब्रेकचा आवाज आला की याचे डोळे उघडत.

हे सगळं वाचून तो कुणाला संत वाटेल, म्हणून मी पिठाची गोष्ट सांगते. ती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

कर्जतचं एक शिक्षक जोडपं बंपरला रंग देऊन घ्यायला आलं होतं. त्यांचं लेकरू दीड वर्षाचं. गाडी न्यायला आले, तेव्हा शांतवननं विचारलं, "लेकरू कुठं बसतं?"

"पुढं, माझ्या मांडीवर," बाई म्हणाल्या. "मी घट्ट धरते."

"वजन किती?"

"दहा किलो असेल."

शांतवन आत गेला आणि घरी न्यायला चक्कीवरून आणून ठेवलेली पिठाची पिशवी घेऊन आला. दहा किलोची. त्यानं बाईंना पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावायला लावला आणि पिशवी मांडीवर दिली. मग लेकराच्या डोक्यावरचं टोपडं काढून त्या पिशवीच्या तोंडावर बसवलं. "घट्ट धरा," म्हणाला, "तुमी धरता तसंच." मोकळ्या जागेत त्यानं गाडी जोरात पळवली आणि कचकन ब्रेक मारला.

पिशवी बाईंच्या हातांतून सुटून समोर आपटली आणि फुटली. सगळं पीठ त्यांच्या मांडीवर, केसांवर, तोंडावर. टोपडं पायाशी पडलं. त्या हात तसेच पुढे धरून बसून राहिल्या.

नवरा धावत आला. "तुम्ही माणूस आहात का?" तो म्हणाला.

"पीठ हाय ते," शांतवन म्हणाला. "झाडून निघतं."

बाई उतरल्या, नवऱ्याच्या कडेवरून लेकरू घेतलं आणि पिठानं भरलेल्या तशाच मागच्या सीटवर जाऊन बसल्या. मी शांतवनला तिथेच बोलले. तोंडी सांगता आलं नसतं का, असं काहीतरी. तो म्हणाला, "तोंडी सांगितल्यालं मांडीवरच राहतं."

वर्षभरानं त्या बाई मला कर्जतच्या बाजारात भेटल्या. मी मुलाची चौकशी केली. "मागंच बसतो," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण सिस्टर, मला अजून कणीक मळवत नाही. पिठात हात घातला की तो झटका आठवतो. घरात आता सासूबाई मळतात."

शांतवनचं सगळं लक्ष रस्त्यावर होतं. पाठीमागं काय चाललंय, तिकडे त्यानं कधी मान वळवली नाही. मागं ती कोरडी विहीर होती. गाड्या घासल्याचं पाणी, रंगाची स्प्रे गन धुतलेला थिनर, डब्यांत तळाला राहिलेला रंग, हे सगळं इतकी वर्षं तिच्यात ओतलं जात होतं. जवळ गेलं की डोळे चुरचुरायचे. मी त्याला म्हटलं होतं, की विहीर कोरडी असली तरी जमीन खालून एकच असते. त्यानं मलाच विचारलं, "तुमी सुया कुठं टाकता, ते मी कधी इचारलं का?" आमच्या सुया गाडी येऊन घेऊन जायची, हे मी सांगितलं. "मग माझ्याकडं बी पाठवा गाडी," म्हणाला आणि हसला.

पहिल्यांदा कौसाबाईंच्या बोअरच्या पाण्याला वास आला. मग लिंबाची पानं कडेनं पिवळी पडली, गळायला लागली. कौसाबाई साठीच्या, एकट्या, स्वतःच्या हिमतीवर बाग उभी केलेल्या. त्या भांडखोर नव्हत्या. एका सकाळी त्या पाण्याची बाटली आणि तांब्या घेऊन गॅरेजात आल्या. मी याकूबभाईचं ब्लडप्रेशर बघायला तिथे गेले होते. याकूबभाई हा शांतवनचा स्प्रे मारणारा माणूस. त्याच्याविषयी पुढे सांगते.

कौसाबाईंनी तांब्यात पाणी ओतलं आणि पुढे केलं. "शांतवन, हे पी."

शांतवननं वास घेतला. त्याला कळलं, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं. नुसत्या वासावरून थिनर ओळखणारा माणूस तो. त्यानं सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि तांब्या तोंडाला लावून रिकामा केला.

"झालं?" तो म्हणाला. "मेलो का?"

कौसाबाईंनी तांब्या परत घेतला. "तू मोठा गडी हायस," त्या म्हणाल्या. "माझी झाडं लहान हायत." आणि निघून गेल्या. शांतवननं लगेच कामाला सुरुवात केली. त्या उन्हाळ्यात बागेच्या गॅरेजकडच्या दोन ओळी वाळल्या. विहिरीत ओतणं चालूच होतं.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी कौसाबाई पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून कर्जतला निघाल्या असताना, एका पिकअपनं धक्का दिला. पुतण्याला खरचटलं. कौसाबाई रस्त्याच्या कडेच्या दगडांवर पडल्या. शांतवन फळी घेऊन पोचला, तेव्हा त्या शुद्धीवर होत्या. पुतण्यानं मला नंतर जे सांगितलं ते असं. त्या म्हणाल्या, "मला हात लावू नको."

"लावनार," शांतवन म्हणाला. "भांडायला जगावं लागतं, मावशी."

त्यांच्या कंबरेचं हाड मोडलं होतं आणि मांडीतून रक्त जात होतं. शांतवननं जखमेवर मूठ दाबून धरली ती आमच्या टेबलापर्यंत उचलली नाही. ती मूठ नसती तर कौसाबाई वाटेतच गेल्या असत्या, असं आमच्या डॉक्टरांनी त्यांना नंतर सांगितलं. त्यांना बरं वाटेल म्हणून सांगितलं असावं. त्या तोंड भिंतीकडे करून पडून राहिल्या.

मी त्यांची ड्रेसिंग बदलायची. एक दिवस त्या म्हणाल्या, "सिस्टर, रोज सकाळी मी बागेत जायचे आन् त्याला शिव्या द्यायचे. तेवढाच आधार हुता. आता कशा देऊ? त्यानं ते बी ठिवलं न्हाई." त्या काठीच्या आधारानं चालायला लागल्या, पण बागेत पुन्हा गेल्या नाहीत. झाडं पुतण्यानं तोडली.

आता याकूबभाई. चाळिशीचा, बारीक अंगाचा, खालच्या आवाजात बोलणारा माणूस. पंधरा वर्षं शांतवनच्या हाताखाली. रंग शांतवननं जुळवायचा आणि गन याकूबनं चालवायची. शांतवन कुणाचंही कौतुक करत नसे, पण याकूब स्प्रे मारत असला की हातातलं काम टाकून बघत उभा राही. एकदा मला म्हणाला, "ह्याच्या हाताला वजनच न्हाई."

याकूबभाईला खोकला सुरू झाला. मग छातीत शिट्टी वाजायला लागली. मी विचारलं, कधी जास्त होतं? तो म्हणाला, "रविवारी बरं असतं, सिस्टर. सोमवारी संध्याकाळपासून दम लागतो." हे ऐकल्यावर दुसरं काही तपासायची गरज नव्हती. रंग लवकर वाळावा, कडक व्हावा म्हणून त्यात हार्डनर घालतात. त्याचा फवारा एकदा का छातीला बाधायला लागला, की पुढे थोडासुद्धा पुरतो.

मी शांतवनला सांगितलं. तो म्हणाला, "वीस वर्सं मी बी मारला. मला काय झालं?" मी म्हटलं, एकाला होतं, एकाला होत नाही. तो म्हणाला, "मग ह्याला बी होनार न्हाई."

दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मी नगरहून दोन बाजूंना गाळणीचे डबे असलेला चांगला मास्क आणून दिला. याकूबभाईनं तो दोन दिवस लावला. तिसऱ्या दिवशी शांतवननं तो काढायला लावला. मास्कमुळं वास कळत नाही, वास कळला नाही तर हार्डनर जास्त झाला का कमी हे समजत नाही, असं त्याचं म्हणणं. "घोड्याला तोबरा बांधल्यावानी दिसतोस," तो म्हणाला. गॅरेजातले सगळे हसले. याकूबभाईही हसला. मास्क खिळ्याला लटकला, आणि मीही नंतर काही बोलले नाही. हॉस्पिटलात काम होतं. शिवाय खरं सांगायचं तर, शांतवनकडून चारचौघांत टोला खायचा मला कंटाळा आला होता.

मला आजही या गोष्टीचं नवल वाटतं. त्याच्या टेम्पोत फळी होती, वाळूच्या पुरचुंड्या होत्या, कांबी, कात्री, पट्टे, स्वच्छ चादरी, पाण्याचे कॅन होते. कुणाचं काय मोडेल याचा त्यानं आधीच विचार केलेला असायचा. आणि हाताच्या अंतरावर उभा असलेला माणूस रोज थोडाथोडा मोडत होता, त्याच्या शिट्टीचा आवाज याच्या कानावर पडत होता.

एप्रिलातली दुपार होती. वारा सुटला होता, म्हणून रंगावर धूळ बसू नये यासाठी शेडचे पडदे सगळीकडून बांधून घेतले होते. याकूबभाई एका लाल गाडीचा शेवटचा हात मारत होता. गनचा आवाज थांबला, तो गाडी पुरी झाली म्हणून, असं बाहेरच्यांना वाटलं. शांतवन बघायला आत गेला, तर याकूबभाई गाडीच्या चाकाला टेकून बसला होता. ओठ निळे पडले होते.

शांतवन त्याला घेऊन आला, तो हातांवर उचलून. फळीवर नाही. गडबडीत तो टेम्पोची किल्लीही विसरला होता. याकूबला उचलून तो तसाच पळत आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं मला काही सांगितलं नाही. कधी झालं, काय झालं, काहीच नाही. तो नुसता म्हणाला, "शिस्टर, काय करायचं?"

आम्ही ऑक्सिजन लावला, नेब्युलायझर लावलं, इंजेक्शनं दिली. बराच वेळ छातीत हवाच जात नव्हती. मग थोडी जायला लागली. डॉक्टरांनी नगरला न्यायचं ठरवलं. अँब्युलन्स येईपर्यंत शांतवन दाराशी उभा होता. त्याच्या हातांना ओला लाल रंग लागला होता आणि येणारे-जाणारे त्याला विचारत होते, कुठं झाला अपघात.

मी बाहेर आले तेव्हा त्यानं विचारलं, "हे आधी कळत हुतं का?"

"हो," मी म्हणाले. "मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं."

तो म्हणाला, "मग तिसऱ्यांदा का न्हाई सांगितलं?"

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मी आत निघून गेले. पण तो प्रश्न त्यानं माझ्यात ठेवला तो कायमचा. अजूनही एखाद्या पेशंटला औषध घ्या म्हणून दुसऱ्यांदा सांगून मी वळते, आणि परत फिरून तिसऱ्यांदा सांगते. लोकांना त्याचा राग येतो.

याकूबभाई पंधरा दिवसांनी नगरहून परत आला. वाचला, पण छाती निम्मी राहिली. तिथल्या डॉक्टरांनी बजावलं, रंगाच्या आसपासही फिरकायचं नाही. चार पावलं चालला की त्याला बसावं लागे. घर त्याची बायको रजिया शिलाईवर चालवायला लागली.

शांतवननं स्प्रेचं काम बंद केलं, डेंटिंग तेवढं ठेवलं. कंप्रेसर विकला. विहिरीवर त्यानं स्वतः उभं राहून स्लॅब टाकून घेतला. स्लॅबखाली जे होतं ते तिथेच राहिलं. कौसाबाईंच्या बोअरच्या पाण्याला अजून वास येतो, त्या प्यायचं पाणी पुतण्याच्या घरून आणतात. अपघाताच्या हाकेला तो पूर्वीसारखाच जातो. फक्त पेपर घेणं त्यानं सोडलं. एका जुन्या गिऱ्हाइकानं चेष्टेनं विचारलं, आज पेपर नाही का? शांतवननं किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "जावा."

याकूबभाई घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी तो त्याला भेटायला गेला. खाटेशेजारी बसला. पाच मिनिटांत याकूबभाईला धाप लागली, तोंडातून ओढायचा औषधाचा पंप द्यावा लागला. रजियाभाभींना कारण लगेच कळलं. शांतवनच्या कपड्यांत रंग होता. तो घरी गेला, अंग घासून घासून आंघोळ केली, नवे कोरे कपडे घालून दुसऱ्या दिवशी आला. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्यानं डोक्याचे केस काढून टाकले होते. रजियाभाभींनी त्याला उंबऱ्यातच अडवलं.

"भाऊ, तुम्ही येऊ नका," त्या म्हणाल्या. "तुमच्या अंगात मुरलाय तो. धुऊन जायचा नाही."

"आता वास न्हाई येत," शांतवन म्हणाला.

"तुम्हाला येत नाही. त्यांना येतो."

खरोखर रंगाचा वास उरला होता, की शांतवनला पाहूनच याकूबभाईची छाती आवळत होती, हे मला सांगता येणार नाही. दोन्ही होऊ शकतं. रजियाभाभींना मी ते सांगितलं नाही. शांतवनलाही नाही.

गेल्या महिन्यात माझं शेवगावला एका हॉस्पिटलात काम ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, याकूबभाईला पंप नीट ओढता येतो का हे बघायला मी त्याच्या घरी गेले. तो ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. रस्त्याच्या पलीकडे एक मोकळं रान आहे, त्याच्या बांधावर शांतवन बसलेला होता. डोक्याचे केस पुन्हा खुरटे वाढले होते, सगळे पांढरे. मी बघत असताना तो उठला, चिमूटभर माती उचलून सोडली, ती कुठे जाते ते पाहिलं आणि बांधाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. मला कळायला एक क्षण लागला. आपल्याकडून याकूबकडे वारा जाऊ नये, अशी जागा तो धरत होता.

याकूबभाईच्या मांडीवरचा मोबाईल वाजायला लागला. पलीकडे शांतवनचा हात कानाला होता. याकूबभाईनं मोबाईलकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"उचला ना," मी म्हटलं.

"वाजू द्या," तो त्याच खालच्या आवाजात म्हणाला. दोन शब्द, थोडा श्वास, मग पुढचे दोन. "रोज येतो. एकदाच करतो. पुरा वाजेपर्यंत थांबतो. मग जातो."

"कधीच उचलला नाही?"

"एकदा उचलला होता. काही बोलला नाही. नुसता श्वास घेत होता. लांबलचक. आत, बाहेर." याकूबभाई थांबला. त्याच्या छातीतली शिट्टी मला ऐकू येत होती. "मला त्याचा श्वास दाखवतोय असं वाटलं, सिस्टर. ठेवून दिला."

मोबाईल वाजायचा थांबला. शांतवननं हात खाली घेतला. मग तो उठला, पँटची माती झटकली आणि रस्त्याच्या कडेकडेनं टेम्पोकडे चालायला लागला. याकूबभाईनं पंप तोंडात धरला आणि मला म्हणाला, "बघा आता, बरोबर ओढतो का."